आमच्या घराला हाक नव्हती

ज्या मतदारसंघात माझं पहिलं मत पडायचं होतं, तो मी अठरा वर्षांची होईपर्यंत शिल्लकच राहिला नाही. अड्याळ त्याचं नाव. आमच्या गावातल्या शाळेच्या भिंतीवर, गोठ्यांच्या भिंतींवर, तलावाच्या पाळीवरच्या एका मोठ्या दगडावरसुद्धा ‘अड्याळ विधानसभा’ अशी अक्षरं नीळ घालून रंगवलेली असायची. मी अक्षरं जोडायला शिकले ती त्याच भिंतींवर. उमेदवार बदलायचे, चिन्हं बदलायची, जुन्या नावावर चुना फिरायचा, पण अड्याळ तेवढं कायम असायचं. गोंदिया वेगळा होऊन आमचा भंडारा जिल्हा अर्धा झाला तेव्हा मी शाळेत होते. मोठी माणसं पानठेल्यावर म्हणायची की जिल्हा कापला तरी आपला मतदारसंघ कोणी कापत नाही. मग काही वर्षांनी मतदारसंघांच्या हद्दी नव्यानं आखल्या गेल्या. अड्याळ गेला, लाखांदूर गेला. आम्हाला भंडाऱ्याला जोडलं, आणि भंडारा अनुसूचित जातींसाठी राखीव झाला.

आमचं गाव पवनी तालुक्यात, कोंढ्याच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर. गावाचं नाव सांगत नाही. भीती म्हणून नाही, तर अशी गावं त्या रस्त्यावर बरीच आहेत आणि प्रत्येकाला वाटायला पाहिजे की हे आपलंच आहे.

आमच्या गावात मत माणसाचं नव्हतं, गावाचं होतं. निवडणूक लागली की उमेदवाराची जीप धूळ उडवत सरळ मालकाच्या अंगणात जाऊन थांबायची. मालक म्हणजे जुन्या मालगुजाराचे, गावच्या जमीनदाराचे, नातू. मालगुजारी कधीच गेली होती, पण तलावाच्या पाण्याच्या वाटपावर त्यांचाच शब्द चालायचा, म्हणून गाव त्यांना अजूनही मालकच म्हणत होतं. उमेदवार चहा पिऊन गेला की दुसऱ्या दिवशी कोतवाल गल्लीगल्लीतून फिरायचा. प्रत्येक घरासमोर थांबायचा आणि घरच्या कर्त्याचं नाव घेऊन हाक मारायचा की चावडीवर बैठक आहे. घरामागे एक माणूस. ही रीत फक्त निवडणुकीची नव्हती. तलावाचं पाणी कधी सोडायचं, मासे कोणाला द्यायचे, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत कोणता तमाशा आणायचा, सगळं याच हाकेवर चालायचं. चावडीवर ठरलं की ठरलं. मतदानाच्या सकाळी नवऱ्यानं बायकोला चिन्ह सांगायचं, आणि बायकोनं जाऊन ते दाबून यायचं. निवडून आलेला माणूस पुढची पाच वर्षं मालकाच्याच अंगणात चहा प्यायचा.

आमच्या घरासमोर कोतवाल थांबत नसे. माझा बाप मी चौथीत असताना गेला. तोपर्यंत हाक यायची. बाप गेल्यावर पहिल्या बैठकीच्या वेळी माय दारात उभी राहिली होती. तिला वाटलं, आता आपल्याला बोलावतील. कोतवाल शेजारच्या घरी थांबला, हाक मारली, मग आमच्या दारावरून मान खाली घालून पुढे गेला आणि पलीकडच्या घरी थांबला. त्यानंतर इतक्या वर्षांत तो आमच्या दारात एकदाही थांबला नाही. वाईट माणूस नव्हता तो. रीतच तशी होती, घरात माणूस नाही तर हाक कोणाला मारणार! माय आत जाऊन चुलीपाशी बसली. मी मात्र त्या दिवसापासून त्या कोतवालाचा राग राग केला, आणि तो राग मला अजून पुरतो आहे.

आमच्याकडे तलावाखाली दोन बांध्या होत्या. बांधी म्हणजे धुऱ्यानं, मातीच्या बांधानं, बांधलेला धानाचा तुकडा. या दोन्ही बांध्या माझ्या आजोबानं मालकाच्या बापाकडून घेतलेल्या. त्यांनी त्या विकल्या कारण त्या उंचावर होत्या, पाणी धरत नव्हत्या. खालच्या खोल, चांगल्या बांध्या त्यांनी स्वतःकडे ठेवल्या. माझ्या आजोबाला गळ्यात मारलेला माल होता तो. पण बौद्ध झालेल्या मोहल्ल्यात स्वतःची बांधी असणं हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. आजोबा म्हणे मरेपर्यंत रोज संध्याकाळी तिथे जाऊन नुसता बसायचा.

भंडारा राखीव झाल्यानंतरची पहिली विधानसभा आली ती दिवाळीच्या तोंडावर. धान निसवला होता, लोंब्या भरत होत्या, आणि शेवटच्या पाण्याची गरज होती. हे शेवटचं पाणी चुकलं की लोंबी उभी दिसते, पण आत दाणा नसतो. त्याच दिवसांत कोतवाल फिरला, चावडी भरली आणि ठराव झाला की या निवडणुकीवर गावाचा बहिष्कार. कारण काय, तर आमचा अड्याळ मतदारसंघ आम्हाला परत द्या. दुसरं कारण कोंढ्याचा रस्ता. तो रस्ता माझ्या जन्माच्या आधीपासून तसाच होता, आणि त्या खड्ड्यांसकट गावानं दर निवडणुकीला मतदान केलं होतं. आताच त्या रस्त्याची एवढी कळ यावी?

अड्याळ गेल्याचं वाईट मलाही वाटलं होतं, ते मी नाकारत नाही. ज्या नावावर वाचायला शिकले ते नाव पुसलं गेलं. पण बहिष्कार अड्याळसाठी नव्हता. यावेळी मालकाच्या अंगणात जो कोणी चहा प्यायला येणार होता तो आमच्यातलाच असणार होता. त्याला कपबशी कुठली द्यायची, खुर्ची कुठे टाकायची, याची त्या घराला पंचाईत पडली होती. हे चावडीवर कोणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती, सगळ्यांना कळत होतं. आमच्या मोहल्ल्यातलेही जे कर्ते चावडीवर गेले ते मान हलवून परत आले आणि घरच्या पोरांनाही त्यांनी दटावून ठेवलं, कारण धान सगळ्यांचा लोंबीत होता आणि पाणी तलावात होतं.

मी तेव्हा पवनीला कॉलेजात होते. एसटीनं जायची, एसटीनं यायची, आणि डोक्यात नुसता धूर. लोकसभेच्या वेळी माझं नाव यादीत आलं नव्हतं, ते आता आलं होतं. उमेदवार कोण, कोणाला मत द्यायचं, हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. आमच्या मोहल्ल्याची सगळी तरुण पोरं ज्याच्या बाजूची होती, त्याच्याच बाजूची मी. मायलाही मी सांगून ठेवलं होतं, “माय, आपलं चिन्ह वरून तिसरं. विसरशील नको.” माय हो म्हणाली की नाही ते मला आठवत नाही. मी उत्तरासाठी थांबलेच नव्हते.

त्याच आठवड्यात एक अपक्ष आमच्या मोहल्ल्यात आला. जुनी मोटरसायकल, मागे एक पोरगा आणि हातात कागदाचा गठ्ठा. मालकाकडे गेलाच नव्हता, त्याला माहीतच नव्हतं की आधी तिकडे जायचं असतं. माय अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. त्यानं पाणी मागितलं, पिऊन तांब्या परत दिला आणि विचारलं, “बाई, या घरी मत कोण देते?”

माय म्हणाली, “मी देतो. अन् ही पोरगी.”

“तं मंग तुमालेच मांगतो,” तो म्हणाला. “कपबशी माह्यं चिन्ह. निवडून येईन का नाही, ते मले नाही मालूम. पण तुमचं मत मले पाहिजे.”

तो गेल्यावर मी हसून हसून लोळले. निवडून येईन की नाही माहीत नाही म्हणे! असा कुठे उमेदवार असतो का? माय सूप खाली ठेवून रस्त्याकडे बघत होती. मला म्हणाली, हसू नको, पाणी पिऊन तांब्या विसळून दिला त्यानं. मी अजूनच हसले.

मतदानाच्या आदल्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातला एक म्हातारा माणूस घरी आला. माझ्या बापाचा चुलतभाऊ, चावडीवर जाणाऱ्यांपैकी. त्याला कुणकुण लागली होती की या मायलेकी मतदानाला जाणार. तो ओसरीवर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “बाई, आपल्याले गावात राहायचं हाय. तलावाचं पाणी त्याह्यच्या हातात हाय. एक खेप मत नाही देलं तं काय बिघडते?”

मायनं विचारलं, “ठराव कोणं केला?”

“गावानं केला.”

“गावात माह्यं घर होतं काय? कोतवाल माह्या दारात थांबला काय?”

म्हातारा गोंधळला. “आता तुह्या घरी माणूसच नाही, तं हाक कोणाले मारन तो?”

“बस मंग,” माय म्हणाली. “ज्या घराले हाक नाही, त्या घराले ठराव नाही.”

मी दाराआड उभी होते. माझी माय शाळेत गेलेली नाही. एवढी वर्षं मी तिच्या वतीनं त्या कोतवालावर रागावत आले होते, आणि ती मात्र ती न आलेली हाक अशी जपून ठेवून बसली होती. मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की रडूच आलं. म्हातारा उठला, पायातल्या वहाणा सरकवल्या आणि जाता जाता म्हणाला, “सांगाचं काम होतं, सांगतलं.” तोही वाईट नव्हता. भ्यालेला होता, आणि भ्यायला कारण होतं.

मतदान गावच्याच शाळेत होतं. शाळेसमोरच्या चिंचेखाली सकाळपासून माणसं बसलेली. कोणी अडवत नव्हतं, धमकावत नव्हतं. फक्त बसून बघायचं. त्या बघण्याला धमकीपेक्षा जास्त वजन होतं, हे त्यातून चालत गेलेल्यालाच कळेल. मायनं हिरवं नऊवारी लुगडं धुऊन नेसलं होतं. मी तिच्या मागे. चिंचेखालून कोणीतरी खाकरलं. मायनं पदर सारखा केला आणि चालण्याची गती तसूभरही बदलली नाही. मीही मान वर ठेवली. भिऊन चालायचं असतं तर घरीच बसले असते.

आत निवडणुकीची माणसं पेंगत होती. आम्हाला बघून सगळे एकदम ताठ झाले, एकानं तर खुर्चीच पुढे केली. सकाळपासून त्यांच्याकडे काळं कुत्रं फिरकलं नव्हतं, आणि गावानं त्यांना चहासुद्धा दिला नव्हता. मायच्या बोटाला शाई लागली. ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली आणि बराच वेळ बाहेर येईना. मला वाटलं, तिसरं बटण सापडत नाही की काय हिला. ओरडून सांगावं असं झालं होतं. मग यंत्र वाजलं. गावात इतकी शांतता होती की तो लांबलचक आवाज बाहेर चिंचेपर्यंत गेला असणार. मग मी गेले, वरून तिसरं बटण शोधलं आणि दाबलं, आणि तो आवाज गावाला दुसऱ्यांदा ऐकू गेला. माझ्या पहिल्या मताचा आवाज आख्ख्या गावानं ऐकला, असं भाग्य कितीजणांना मिळतं? बाहेर येताना मायनं त्या अधिकाऱ्याला विचारलं, “जेवले काय तुमी?” आणि दुपारी माझ्या हाती भात-वरण पाठवलं. तो डबा घेऊन जातानाही चिंचेखालची माणसं तिथेच होती.

संध्याकाळी चावडी पुन्हा भरली. कोतवाल आमच्या दारावरून गेला, थांबला नाही. ठराव झाला तो दुसऱ्या दिवशी आमच्यापर्यंत पोचला. गावाचा ठराव मोडणाऱ्या बाईच्या बांधीत तलावाचं पाणी येऊ द्यायचं नाही.

वर्षभराचा तांदूळ त्या दोन बांध्यांत उभा होता. माझं कॉलेज त्यावर होतं, घरही त्यावरच होतं. मी म्हणाले, पोलिसात जाऊ, तहसीलला जाऊ, पेपरात देऊ. मायनं फावडं खांद्यावर टाकलं आणि तलावाकडे निघाली. मी मागे धावले.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती आमच्याकडच्या माणसाला सांगावी लागत नाही. तलावाचं पाणी पाटानं येतं ते पहिल्या बांधीपर्यंतच. तिथून पुढे पाट नसतो. पहिली बांधी भरली की तिच्या धुऱ्याला पाडलेल्या तोंडातून पाणी दुसरीत जातं, दुसरीतून तिसरीत, असं खाली खाली. आणि त्या पाटाच्या तोंडाशी असलेल्या उंच बांध्या कोणाच्या? आमच्या. पाणी धरत नाहीत म्हणून ज्या माझ्या आजोबाच्या गळ्यात मारल्या, त्याच. मालकाच्या खालच्या सगळ्या खोल बांध्यांना पाणी जायचं ते आमच्या बांध्यांवरून. इतकी वर्षं ते तसंच जात होतं, कोणी विचारत नव्हतं, आम्ही सांगत नव्हतो. चावडीवर सगळे पिढ्यान्‌पिढ्यांचे धानकरी बसले होते, आणि रागाच्या भरात एकाच्याही लक्षात आलं नाही की आपण काय ठरवून बसलो.

मायनं पाट जिथे आमच्या बांधीत शिरतो ते तोंड चिखलानं आणि गवताच्या पेंढीनं बुजवून टाकलं. वरून पायानं दाबून घट्ट केलं. मग धुऱ्यावर बसली.

दुपारी पाणकर आला. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी पाळीपाळीनं वाटून देणारा माणूस. मालकाची पाळी होती. त्यानं तलावाचं गेट उघडलं होतं, आणि पाणी पाटानं येऊन आमच्या बुजवलेल्या तोंडाशी थांबून दोन्ही बाजूंनी झाडीत चाललं होतं.

“काकी, पाणी जाऊ दे खाली,” तो म्हणाला. “मालकाची पाळी हाय.”

“मी कुठं अडवून राहिली?” माय म्हणाली. “गावाचा ठराव हाय, माह्या बांधीत पाणी येऊ द्याचं नाही. म्या येऊ नाही देलं. खाली न्याचं असन तं दुसऱ्या रस्त्यानं न्या.”

“दुसरा रस्ता कुठं हाय?”

“ते चावडीले विचार. मले कायले विचारतं?”

पाणकर आधी बघतच राहिला. मग त्यानं तोंडावर दुपट्टा घेतला, पण खांदे हलत होते, हसत होता तो. हसत हसतच गेट बंद करायला गेला.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. ऐकायला गंमत वाटते, पण आमच्या उंच बांध्या आधी सुकणार होत्या, मालकाच्या खोल बांध्या नंतर. ओल त्यांच्याकडे जास्त होती. म्हणजे आधी आम्ही मरणार, मग ते. माय रोज सकाळी भाकर बांधून धुऱ्यावर जाऊन बसायची. तिच्या अंगाला हात लावायची कोणाची छाती नव्हती. तसं केलं तर केस होते आणि आत जावं लागतं, एवढं गावाला कळत होतं. धानाची पानं दुपारी गुंडाळायला लागली. जमिनीला बारीक तडे दिसायला लागले. एका संध्याकाळी मी रडकुंडीला येऊन म्हणाले, “माय, काढ तो चिखल. घेऊ आपण पाणी, चोरून घेऊ.”

“माह्या बांधीत माह्या पाळीचं पाणी, अन् ते म्या चोरून घेऊ?” माय म्हणाली. “वाळला तं वाळू दे. तुह्या बापानं अन् आज्यानं ते पाणी कधी मोजून नाही देलं खाली. फुकट जाऊ देलं. आता याह्यले समजू दे ते कुठून जाते.”

तिला भीती वाटत नव्हती असं नाही. ती लोंबी हातात घेऊन दाणा चेपून बघायची, आणि तिचे ओठ हलायचे. पण ती उठली नाही.

मालकाच्या खाली इतरांच्याही बांध्या होत्या. बहिष्कारवाल्यांच्याच. त्यांची कुरकुर आधी पानठेल्यावर सुरू झाली, मग चावडीवर. आणि एका सकाळी मालक स्वतः आमच्या मोहल्ल्यात आले. माझ्या आयुष्यात मी त्यांना आमच्या गल्लीत पहिल्यांदा पाहिलं. मागे कोतवाल. दोघं दारासमोर थांबले, आत आले नाहीत.

“काय वो बाई, कायले तमाशा करून राहिली?” मालक म्हणाले. “तुहाबी धान वाळून राहिला.”

“वाळू द्या, मालक. गावाचा ठराव हाय. एक ठराव मोडला तं एवढं झालं, आता दुसरा कशी मोडू?”

मालकांचा चेहरा लाल झाला. बाजूच्या घरातून कोणीतरी खुदकन हसलं. मालक म्हणाले, “बरं, ठराव मागं घेतो. काढ ते तोंड.”

“ठराव चावडीवर झाला, चावडीवरच मागं घ्या. अन् बैठकीची हाक माह्या दारात पाहिजे. आजची पाहिजे, अन् दर खेपेची पाहिजे.”

“बाईमाणूस चावडीवर बसन?”

“बसन,” माय म्हणाली. “ज्या घरी चूल पेटते, त्या घराले हाक. हे चूल म्याच पेटवतो.”

मालक वळले. मला वाटलं, संपलं आता सगळं. पण दुपारी गल्लीत आवाज आला. कोतवाल एकेका घरासमोर थांबत येत होता. शेजारच्या घरी हाक मारली. मग आमच्या दारासमोर आला. थांबला. घसा साफ केला. बाप गेल्यापासून या दारात काय नाव घ्यायचं हेच त्याला माहीत नव्हतं. शेवटी त्यानं मायचंच नाव घेतलं, नवऱ्याचं नाही, पोरीचं नाही, तिचं स्वतःचं, आणि चावडीवर बैठक आहे असं मोठ्यानं सांगितलं. मी ते नाव गल्लीत असं मोठ्या आवाजात कधी ऐकलंच नव्हतं. मायनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, “आली.”

ती चावडीवर गेली, मागे भिंतीला टेकून बसली. ठराव मागे घेतला गेला. मग कोणीतरी मासेमारीचा विषय काढला, तेव्हाही ती बसूनच राहिली, बैठक संपेपर्यंत. संध्याकाळी तिनं स्वतःच्या हातानं चिखल काढला. आमचा धान थोडा वांझ निघाला, मालकांचाही निघाला. पण तांदूळ घरात आला.

मतमोजणी झाली तेव्हा मोहल्ल्यातला एक पोरगा आमच्या उमेदवाराचा माणूस म्हणून भंडाऱ्याला जाऊन बसला होता. रात्री परत आल्यावर त्यानं बौद्ध विहाराच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. आमच्या गावच्या यंत्रात दोन मतं निघाली. एक आपल्याला. आणि दुसरं, तो अडखळला, दुसरं कपबशीला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काय दाबलं ते मला माहीत होतं. मी तशीच उठून घरी आले. एवढी लढाई कशासाठी केली मग आम्ही? पाणी तोडून घेतलं, गावभर शत्रू केले, आणि मत कोणाला, तर ज्याची अनामतही राहिली नाही त्याला! माय ओसरीवर बसून वाती वळत होती.

“माय, तू कपबशी दाबली?”

“कोणं सांगतलं?”

“मशीननं सांगितलं! मी तुला म्हटलं होतं ना, वरून तिसरं?”

“म्हटलं होतंस,” माय शांतपणे म्हणाली. वात पुरी केली आणि पुढची घेतली. “तू सांगतलं होतंस. चावडीबी सांगतच होती. त्यानं दारात येऊन मांगतलं.”

मी खूप चिडले होते, आणि खरं सांगायचं तर माझा उमेदवार बरोबर होता असं मला आजही वाटतं. पण त्या रात्री मी तिच्याशेजारी बसून उरलेल्या वाती वळायला घेतल्या.

नंतर बऱ्याच निवडणुका झाल्या. बहिष्काराचं नाव परत कोणी घेतलं नाही, गाव रांग लावून मतदान करतं, आणि यंत्रातली मतं आता कोणाची हे कोणाला कळत नाही. अड्याळ परत आला नाही. हाक मात्र दर खेपेला येते आणि माय चावडीवर जाऊन बसते. आता तिथे आणखीही काही बायका बसतात. मी नोकरीमुळे गावाबाहेर असते, पण मतदानाला आवर्जून घरी जाते. त्या पहिल्यानंतरच्या निवडणुकीला मी आदल्या दिवशी गेले, पिशवी ओसरीवर ठेवली, आत न जाता दारातच उभी राहिले आणि म्हणाले, “माय, माझ्या माणसाला तुझं मत पाहिजे. मागते आहे.”

मायनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि माझ्या हातात दिलं. मी प्याले, तांब्या विसळून परत दिला.

“पाहीन,” माय म्हणाली.